छपरीसाठी सिमेंटचा पत्रा घ्यावा का? नागपूरच्या ऊन-गारांच्या हिशेबाने पारख

आधी निकाल सांगून टाकतो. नवी छपरी, गोडाऊन किंवा गोठा घालायचा असेल तर सिमेंटचा पत्रा, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटची नळीदार शीट, घेऊ नका. आणि डोक्यावर आधीपासून ती शीट असेल, शाबूत असेल, तर घाबरून उद्याच मिस्त्री बोलावून फोडायला लावू नका. या दोन सल्ल्यांत विसंगती नाही. हा माल नुसता पडून असताना फारसा त्रास देत नाही. त्याला कापलं, भोकं पाडली, घासलं, फोडलं की त्याचा खरा धोका बाहेर येतो, आणि बसवताना व काढताना नेमकं हेच करावं लागतं.

मालाची ओळख करून घेऊ. बाजारात मिळणारा नेहमीचा पत्रा ६ मिमी जाड आणि १.०५ मीटर रुंद असतो. लांबी दीड मीटरपासून तीन मीटरपर्यंत, पाव-पाव मीटरने वाढत जाते. त्यावर आयएस ४५९ हा मानक क्रमांक छापलेला असतो. आत सिमेंट, राख, थोडा लगदा आणि साधारण ८ ते १० टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल. तीन मीटरची एक शीट ४० किलोच्या पुढे भरते. वीस फूट लांब, दहा फूट खोल छपरीला अशा सात शीट लागतात. म्हणजे घरामागच्या साध्या छपरीवरही जवळजवळ पाव क्विंटल ॲस्बेस्टॉस असतो. सिमेंटने तो धरून ठेवलेला असतो, हे खरं. किती वर्षं धरून ठेवेल, हा पुढचा प्रश्न.

गुण आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. छप्पर घालायला हा स्वस्त पडतो. गंज चढत नाही. पावसात टिनासारखा ताशा वाजत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे टिनाच्या खालून जसे दवाचे थेंब गळतात, तसे इथे गळत नाहीत, कारण सिमेंट थोडी ओल पिऊन घेतं. कवेलू दर वर्षी फेरायला माणसं मिळेनाशी झाली तेव्हा महालापासून पारडीपर्यंत लोकांनी हा पत्रा का घातला, ते यावरून कळतं. उन्हाचं मात्र ऐकीव फार आहे. ‘सिमेंटचा पत्रा थंड असतो’ हे अर्धवट खरं. उघड्या टिनापेक्षा खोली जरा उशिरा तापते, इतकंच. ६ मिमी जाडीत उष्णता अडवण्याची ताकद नसते. वर्षानुवर्षांच्या शेवाळाने काळा पडलेला पत्रा मे महिन्यात दुपारी ६० अंशांच्या पुढे तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली आग ओकत राहतो.

बिघडतं कुठे

सर्वात वाईट क्षण बसवतानाचा. शीट लांब पडली की मिस्त्री ग्राइंडरला कटिंग व्हील लावतो आणि कोरडीच कापतो. पांढरा धुराळा उठतो, सगळे डोळे मिचकावतात, कुणी तोंडाला दुपट्टा बांधतो. त्या धुराळ्यात जे दिसतं ते सिमेंट. जे दिसत नाही ते धोक्याचं. ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि ५ मायक्रॉनपेक्षा लांब तंतू दुपट्ट्यातून आरपार जातात, नाकाच्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी उतरतात. हवा हलत असेल तर ते कित्येक तास खाली बसत नाहीत. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतात तेही याच मापाने: लांबी ५ मायक्रॉनच्या वर आणि रुंदीच्या किमान तिप्पट.

फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी लांब तंतू गिळू शकत नाहीत. अर्धवट गिळतात, मरतात, सूज मागे ठेवतात. वर्षानुवर्षं हेच चालतं. त्यातून तीन मोठी दुखणी होतात. एक ॲस्बेस्टॉसिस: फुप्फुस चरबरीत, कडक होत जातं, चढावर दम लागतो, कोरडा खोकला सुटत नाही. हा बहुधा वर्षानुवर्षं भरपूर धूळ खाल्लेल्या कामगाराचा आजार. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो तुलनेने थोड्या संपर्कातूनही झाल्याचं आढळलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना, पांढऱ्यालाही, पहिल्या गटात म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध असलेल्या पदार्थांत ठेवलं आहे. त्या यादीत स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कर्करोगही आहे. ॲस्बेस्टॉसमुळे जगभरात दर वर्षी दोन लाखांहून जास्त माणसं मरतात, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

मुलखाची अडचण अशी की हे लगेच दिसत नाही. ॲस्बेस्टॉसिसला दहा-वीस वर्षं, मेसोथेलिओमाला वीस ते पन्नास वर्षं लागतात. आज ग्राइंडर चालवणाऱ्या पंचविशीतल्या पोराला साठीत दम लागेल तेव्हा त्याला आजच्या छपरीची आठवण असण्याचं कारण नाही. आपल्याकडे छातीचं दुखणं म्हटलं की पहिला संशय टीबीवर जातो. म्हणून पत्र्याचं, बॉयलरच्या आवरणाचं, जुन्या इमारती पाडण्याचं किंवा ब्रेक लायनरचं काम केलेल्या माणसाने मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या छातीरोग विभागात गेल्यावर डॉक्टरला काय काम केलं, कोणत्या साली केलं, किती वर्षं केलं, हे न विचारता सांगावं. नुसता एक्स-रे साफ आला म्हणून गोष्ट संपत नाही. सुरुवातीचे बदल एचआरसीटीवर, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटी स्कॅनवर, आणि श्वासाच्या क्षमतेच्या चाचणीत आधी दिसतात. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने कळवावाच लागतो असा व्यावसायिक आजार आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगाला कामगाराची आरोग्य नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोवर, जपायला सांगितलं आहे. कारखान्यातल्या कायम कामगाराला याचा उपयोग आहे. रोजंदारीवर छपरीचे पत्रे चढवणाऱ्याची नोंद कुणाकडेच नसते.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका नुसता बेरजेने वाढत नाही. ॲस्बेस्टॉस आणि धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता दोन्हींच्या बेरजेच्या कितीतरी पुढे जाते. मेसोथेलिओमाचा मात्र बिडीशी संबंध नाही, तो न ओढणाऱ्यालाही तसाच होतो. धुळीच्या हातांनी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटणं हा आपल्याकडचा वेगळाच प्रकार. निदान काम सुरू असताना तरी तो बंद ठेवा.

पत्रा बसून गेल्यावर काय बिघडतं? पहिलं, गारा. फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या गारपिटीत हा पत्रा फुटतो, आणि गारपीट झाली की गावंच्या गावं तुकडे गोळा करायला लागतात. दुसरं, वानरं. लाल तोंडाची असोत की काळ्या तोंडाची, झाडावरून उडी मारली की जुनी शीट कोपऱ्यातून तडकते. तिसरं, वय. वीस-पंचवीस पावसाळ्यांनंतर वरचा सिमेंटचा थर झिजतो, शेवाळ त्यात मुळं धरतं आणि तंतू उघडे पडतात. बोट फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागली तर पत्रा त्या टप्प्यावर आला असं समजा. ही भुकटी पन्हाळीत आणि वळचणीखालच्या मातीत साठते. पन्हाळ कोरडी खरवडण्याचं काम लोक नेमकं मे महिन्यात, लू वाहत असताना काढतात. चौथं, आग. गोडाऊन पेटलं की हा पत्रा तडतडत फुटतो आणि तुकडे लांबवर उडतात. आग विझल्यावर तो सगळा परिसर फावड्याने नाही, पाणी मारून ओल्यानेच आवरायला हवा.

पाचवी गोष्ट तंतूंची नाही, पण तिने जीव जातात. जुन्या पत्र्यावर माणूस चढला की पत्रा खालून कधी सुटेल सांगता येत नाही. टाकी बघायला, डिशची दिशा बदलायला, पतंग काढायला चढलेली माणसं अशीच आरपार पडतात. बोल्टच्या रेषेवर पाय ठेवला तर चालतं, हा समजही भरवशाचा नाही. चढायचंच असेल तर पत्र्याखालच्या दोन आडव्या पाइपांना टेकेल अशी किमान दीड फूट रुंदीची फळी हवी.

दुकानदाराची तीन वाक्यं

इतवारीत, लोहाओळीत किंवा रिंग रोडवरच्या कोणत्याही दुकानात विचारा, तीन वाक्यं ऐकू येतील. ‘हा पांढरा आहे, निळा नाही.’ पांढरा तंतू फुप्फुसातून निळ्यापेक्षा, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या दुसऱ्या एका प्रकारापेक्षा, लवकर निघून जातो एवढं बरोबर आहे. म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही, आणि वर सांगितलेल्या वर्गवारीत पांढऱ्याला सूट नाही. ‘सिमेंटमध्ये पक्का बसलेला असतो.’ हे ग्राइंडर लागेपर्यंत खरं. ‘बंदी असती तर सरकारने विकू दिला असता का?’ आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं १९८६ मध्येच थांबलं. आयात आणि पत्र्यांचं उत्पादन मात्र सुरू राहिलं. कच्चा माल मुख्यतः रशिया, ब्राझील, कझाकस्तान इथून येतो. आकडे पाहायचे असतील तर लांब जायला नको. खनिजांचं वार्षिक पुस्तक काढणाऱ्या इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालय आपल्याच सिव्हिल लाइन्समध्ये आहे. युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉस बंद आहे, शेजारच्या नेपाळने २०१५ मध्ये बंद केला, अमेरिकेने क्रायसोटाइलवरची बंदी २०२४ मध्ये जाहीर केली. दुकानात मिळतं म्हणून निर्धोक असा नियम लावला तर तंबाखूही निर्धोक ठरेल.

मग घालायचं काय

आमच्या मते नागपूरच्या हवेला साध्या छपरीसाठी सगळ्यात योग्य माल म्हणजे पांढऱ्या किंवा फिकट रंगाचा, गॅल्व्हल्यूमवर रंग चढवलेला पत्रा. जाडी ०.५० मिमी, ॲल्युमिनियम-झिंकचा लेप चौरस मीटरला १५० ग्रॅम. फसवणूक इथेच होते. ०.५० म्हणून दिलेला पत्रा रंग आणि लेप धरून तेवढा असतो की नुसतं लोखंड तेवढं असतं, हे आधी विचारा, आणि दुकानातच मायक्रोमीटर लावून बघा. ०.३५ चा पत्रा वानराच्या पहिल्या उडीतच खोल चेपतो. वजन चौरस मीटरला साडेचार-पाच किलो, म्हणजे सिमेंटच्या पत्र्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. त्याच छपरीला तीनशेच्या जागी नव्वद-शंभर किलो.

या हलकेपणात एक मेख आहे, ती बहुतेक वेल्डर सांगत नाहीत. जुना सिमेंटचा पत्रा स्वतःच्या वजनाने सांगाडा दाबून धरत होता. तो काढून त्याच पाइपांवर टिन घातलं की मे-जूनच्या वादळात वारा खालून शिरतो आणि पाइपांसकट छप्पर उचलतो. ‘टिनपत्रे उडाले’ ही बातमी दर वर्षी येते, त्यातली कित्येक छपरं पत्रा खराब म्हणून उडालेली नसतात. खांब जमिनीत काँक्रीटने धरलेले हवेत, आडवे पाइप भिंतीला बोल्टने बांधलेले हवेत, वळचणीच्या पाइपावर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू हवा आणि मधल्या पाइपांवर एक सोडून एक. जुन्या पत्र्यासाठी आडव्या पाइपांमधलं अंतर १.४ मीटरच्या आत ठेवलेलं असतं. ०.५० च्या खोल नळीच्या पत्र्याला ते चालतं, त्यामुळे सांगाडा सहसा बदलावा लागत नाही.

आणखी दोन बारकावे. गॅल्व्हल्यूम ग्राइंडरने कापू नका. ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उमटतात. कात्री किंवा निबलर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारं यंत्र, वापरा. आणि उन्हाळ्यात छपरावर चुना मारायची आपली सवय या पत्र्यावर चालवू नका. चुन्याचं अल्कधर्मी पाणी ॲल्युमिनियमचा लेप खातं. ताज्या प्लास्टरचे ओघळही तसेच धुऊन काढा. स्क्रूखालचे रबरी वॉशर ईपीडीएम या ऊन सोसणाऱ्या रबराचेच घ्या. साधं काळं रबर आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत चिरतं आणि मग लोक पत्र्याला दोष देतात.

खाली झोपायचं असेल, दुकान चालवायचं असेल, तर बजेट ताणून ३० ते ५० मिमीचा पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला, बघावा. फरक हाताला कळतो: मे महिन्यात दुपारी साध्या टिनाच्या खालच्या बाजूला हात टेकवत नाही, पॅनेलच्या खाली टेकवून ठेवता येतो. पण त्यातला फोम जळतो आणि धूर विषारी असतो. स्वयंपाकाच्या चुलीवर, वेल्डिंगच्या कामावर किंवा फटाक्यांच्या गोडाऊनवर तो घालू नये. कापलेल्या कडा पत्र्याच्या पट्टीने बंद केल्या नाहीत तर मुंग्या आणि उंदीर फोम पोखरतात.

यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, शीट दिसायला छान, गंजत नाही, आवाज कमी. मात्र नागपुरात ती पसरते. तीन मीटरच्या शीटमध्ये पहाट आणि दुपार यांत ४० अंशांचा फरक पडला तर लांबी सात-आठ मिलिमीटरने बदलते. भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवलं नाही तर दोन उन्हाळ्यांत भोकापासून तडे जातात. गडद रंगाची तर घेऊच नका. डांबरी नळीदार शीट आम्ही नागपूरसाठी बाद करतो: उन्हाने मऊ पडते, दोन पाइपांत झोळ येतो, आणि पाइप दीड-दोन फुटांवर हवेत, त्यात स्वस्तपणा संपतो.

ज्यांना सिमेंटच्या पत्र्याचाच शांतपणा हवा आहे त्यांच्यासाठी ॲस्बेस्टॉसमुक्त फायबर सिमेंटची शीट आहे. आकार, वजन, बोल्ट सगळं जवळपास तेच, आत ॲस्बेस्टॉसच्या जागी पीव्हीए किंवा पॉलिप्रॉपिलीनचे धागे. भाव जास्त. यावरचा मानक क्रमांक आयएस १४८७१ असतो. बिलावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ असं लिहून मागा, कारण नुसतं बघून दोन्ही पत्रे ओळखता येत नाहीत. वानरं आणि गारा यांच्यापुढे हीसुद्धा टिनापेक्षा कच्चीच. आणि कोरडी कापली तर हिच्यातूनही सिलिकाची धूळ उडते, फुप्फुसाला तीही चांगली नाही. पाणी मारूनच कापा.

जुना पत्रा डोक्यावर आहे त्यांच्यासाठी

शाबूत असेल तर ठेवा आणि झाका. वरून शेवाळ तारेच्या ब्रशने घासू नका, गाड्या धुण्याचा प्रेशर पंप तर अजिबात लावू नका. त्याने मळाबरोबर सिमेंटचा थर आणि तंतू दोन्ही उडतात आणि शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात. फवाऱ्याने शेवाळनाशक मारा, मरू द्या, पावसाने धुऊ द्या. मग कमी दाबाने किंवा मऊ रोलरने पांढऱ्या इलॅस्टोमेरिक ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. तंतू बांधले जातात आणि खोलीही थंड होते, एका खर्चात दोन कामं. ते परवडत नसेल तर चुना आणि फेविकॉलचं पाणी फवाऱ्याने मारा. या पत्र्याला चुना चालतो, फक्त दर उन्हाळ्यात पुन्हा मारावा लागतो.

आतून थर्माकोलची किंवा पीव्हीसीची सीलिंग लावायची तर स्क्रू पत्र्यात नको, पाइपांना लटकवा. पंख्याचा हूक, वायरची पट्टी, कूलरच्या नळीसाठीचं भोक, यातलं काहीही पत्र्याला लागता कामा नये.

पत्रा फुटला, भुकटी सुटायला लागली, तर काढायचा. मुहूर्त महत्त्वाचा. मृगाच्या आधी घाईने, कोरड्या वाऱ्यात काढण्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढा. पत्रा ओल धरून असतो आणि हवा शांत असते. आदल्या दिवशी बोल्टांना तेल सोडा. शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या खिडक्या बंद करा. कुणाचा कूलर अजून चालू असेल तर तो बंदच हवा, कारण कूलर बाहेरची हवा खसच्या जाळीतून आत ओढतो आणि असली धूळ त्या जाळीत अडकत नाही.

शेतीचा पाठीवरचा फवारणी पंप या कामाला उत्तम. नवीन घ्या, औषध मारलेला नको. १६ लिटर पाण्यात २५-३० मिली, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे, भांडी घासायचं लिक्विड टाका. साध्या पाण्याचे थेंब पत्र्यावरून ओघळतात, साबणाचं पाणी आत मुरतं. वरून आणि खालून भिजवा, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा. गंजलेला जे-बोल्ट ग्राइंडरने उडवायचा मोह आवरा. बोल्ट कटरने किंवा हाताच्या हॅक्सॉने, भोकावर फवारा मारत कापा. शीट दुसऱ्या शीटवरून ओढू नका, दोघांनी उचला आणि हातोहात खाली द्या. वरून टाकलेली एक शीट बाकी सगळी काळजी वाया घालवते.

खाली किमान २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा. मिरचीच्या वाफ्यांवरचं मल्चिंग २५-३० मायक्रॉनचं असतं, ते कडेला लागताच फाटतं. शीट त्याच जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळा, टेप लावा, वर मोठ्या अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस, फोडू नका’ लिहा. तुकडे ओलेच जाड पिशवीत. झाडू बंद, घरचा व्हॅक्यूम क्लीनरही बंद. तो तंतू मागच्या बाजूने खोलीत सोडतो. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकंही त्याच पिशवीत.

मास्कबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दुपट्टा आणि सर्जिकल मास्क शून्य कामाचे. कोविडनंतर घराघरांत पडलेला एन-९५ धुळीला चांगला असला तरी ॲस्बेस्टॉससाठी तो पुरेसा धरला जात नाही. या कामाला रबरी अर्धा मास्क आणि त्याला जांभळट-गुलाबी रंगाचे पी-१०० फिल्टर हवेत, किंवा कमीत कमी आयएस ९४७३ चा एफएफपी-३. औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानांत दोन्ही मिळतात. पट्टे आवळल्यावर फिल्टर तळहातांनी झाकून श्वास ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटला आणि चिकटून राहिला तर ठीक. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच, मग कितीही महागाचा मास्क फुकट. अंगावर एकदा वापरून टाकायचा कव्हरऑल घाला. तो नसेल तर कपडे अंगावरच ओले करून उतरवा आणि घरच्या धुण्यात टाकू नका. ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

शेवटची अडचण सगळ्यात चिवट आहे: टाकायचं कुठे? कबाड्याला देऊ नका. तो शीट गोठ्याला विकेल, नाहीतर तुकडे कुणाच्या तरी अंगणात भरावाला जातील आणि त्यावरून गाड्या फिरून पीठ होईल. महापालिकेच्या कचरागाडीत नको, भांडेवाडीकडे जाणाऱ्या मलब्याच्या ट्रॉलीतही नको. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं सामायिक केंद्र बुटीबोरी एमआयडीसीत आहे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात. कारखाना किंवा मोठं गोडाऊन असेल तर हा मार्ग ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्या, वाहतुकीच्या कागदांसकट. घरच्या सात शीटसाठी तो सोपा नाही, हे मान्य. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच खेप केली तर खर्च वाटला जातो. तोवर गुंडाळलेले पत्रे सावलीत, जमिनीपासून वीटभर उचलून, पोरांचा आणि वानरांचा हात लागणार नाही असे आडवे ठेवा. उभे टेकवले तर खालची कड तुटते.